परबांचं गाऱ्हाणं आणि माझा राऊटर

राऊटर घ्यायला कोणी आलं की मी आधी एकच विचारते. "जिथे जाताय, तिथे फोनवर बोलायला माणसं कुठे जाऊन उभी राहतात?"

गिऱ्हाईक गोंधळतं. त्याने येण्याआधी मोबाइलवर बरंच वाचलेलं असतं. बॅटरी किती चालते, स्पीड किती, किती फोन जोडता येतात. या सगळ्याची त्याची तयारी असते आणि मी विचारते उभं कुठे राहता. मग आठवून आठवून सांगतात. कोणी म्हणतं गच्चीवर, टाकीजवळ. कोणी म्हणतं देवळाच्या मागच्या चढावर. एका बाईंनी जरा लाजत सांगितलं होतं, "आमचे सासरे गोठ्यात जाऊन बोलतात. तिथे स्पष्ट येतं." मी म्हटलं, मग राऊटर गोठ्याच्या खिडकीत ठेवा. त्यांना आधी राग आला. नंतर त्यांचाच फोन आला, की मुलगा म्हशींच्या शेजारी खुर्ची टाकून ऑफिसचं काम करतोय आणि एकदाही लाईन गेली नाही.

साकीनाक्याला एका गल्लीत माझा गाळा आहे. डाव्या हाताला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, उजव्या हाताला पत्रा कापणारे, मधे मी. प्रवासाला न्यायचे इंटरनेटचे राऊटर भाड्याने देणं, विकणं, बिघडले तर उघडणं, हे माझं काम. याच भागात एका कारखान्यात माझे वडील प्रेस मशीनवर होते. आमच्या घराण्यात पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स. ती पदवी फ्रेम करून काउंटरच्या मागे लावली आहे, जिथे इतर दुकानांत देवाची तसबीर असते तिथे. लोक बघून हसतात. हसू देत. बुद्धाची मूर्ती आमच्या घरी आहे, पदवी इथे आहे, दोन्ही आपापल्या जागी बऱ्या आहेत. आई मात्र विचारणाऱ्यांना अजून सांगते, "ती इंटरनेटचे डबे भाड्याने देते." तिचं चुकत नाही. डबाच तो. तळहातावर मावेल एवढा.

या डब्याला एक कान असतो आणि एक तोंड असतं. कान टॉवरकडे, तोंड घराकडे. आत सिम घालायचं. टॉवरकडून जे येतं ते कानाने ऐकायचं आणि तोंडाने घरातल्या फोनांना, लॅपटॉपना सांगायचं, एवढंच त्याचं काम. लोक चुकतात ते इथे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो स्पीड छापलेला असतो तो तोंडाचा असतो. पण कानालाच ऐकू आलं नाही तर तोंड बोलणार काय? म्हणून मी आधी कान बघते. बाहेरून अँटेना लावता येते का, कुठल्याही कंपनीचं सिम चालतं का, परदेशी न्यायचा असेल तर तिथले टॉवर फ्रिक्वेन्सीच्या ज्या पट्ट्यांवर बोलतात त्या याला ऐकू येतात का. एकाच कंपनीला बांधलेला डबा प्रवासाला नेऊ नये. तिथे त्या कंपनीचा टॉवर नसेल तर तो नुसता दिवा लावून बसतो.

"फोनचा हॉटस्पॉट असताना डबा कशाला?" हेही रोज कोणीतरी विचारतं. एक-दोन तासांसाठी हॉटस्पॉट पुरतो, मी तसं सांगून गिऱ्हाईक परत पाठवते. पण चार दिवस घरभर पुरवायचं तर फोन तापतो, बॅटरी बसते, आणि मुख्य म्हणजे ज्याचा फोन तो दूध आणायला निघाला की घराचं इंटरनेट त्याच्या खिशातून निघून जातं.

डबा ज्याच्या हातात, त्याला माणसं सोडून जात नाहीत, हे मी मुलुंडच्या एका भजनी मंडळाकडून शिकले. सगळ्या बायका मिळून व्हिएतनामला निघाल्या होत्या. खर्च वाचावा म्हणून सगळ्यांत एकच राऊटर घेतला आणि तो शोभाताई नावाच्या बाईंच्या पर्समध्ये ठेवला. शोभाताई मंडळात झांजा वाजवायच्या, त्यांना कोणी फारसं विचारत नसे. परत आल्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाई स्वतः राऊटर द्यायला आल्या. म्हणाल्या, "मशीन झकास आहे. पण पुढच्या वेळी शोभाला देऊ नका. ती जिकडे वळेल तिकडे आम्ही सगळ्या. तिला देवळं बघायची नव्हती, नुसती दुकानं. आम्ही आठ दिवस दुकानं बघितली." मागे उभ्या असलेल्या शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "कोणी धरून ठेवलं नव्हतं हो. जायचं होतं बिनवायफायचं."

अंधेरीचा एक मुलगा आला होता, हिमालयात न्यायला सगळ्यात दणकट राऊटर पाहिजे म्हणून. खोदून विचारल्यावर कळलं, ऑफिसला तो घरीच बसून काम करतोय असं सांगून डोंगरात जाणार होता. मी त्याला म्हटलं, "तुला राऊटर नको रे, तुला रजा पाहिजे. ती माझ्याकडे मिळत नाही." तो हसला आणि तरीही घेऊन गेला. परत आला तेव्हा म्हणाला, सगळं नीट चाललं, फक्त एका मीटिंगमध्ये मागून याक गेला.

हे दिवस फार राहतील असं नाही. आता परदेशातलं सिम फोनच्या आतच उतरवून घेता येतं, कार्ड घालावं लागत नाही. गोरेगावच्या शूटिंगवाल्यांनीही पूर्वीइतके डबे न्यायचं बंद केलंय. वाईट वाटतं. पण हा डबा काय चीज आहे हे लोकांना एकदा सांगून ठेवावं, म्हणून परबांची गोष्ट लिहिते.

आबा परब पहिल्यांदा गाळ्यात आले ते मुलीचा, सुषमाचा, हात धरून. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, डाव्या दंडाखाली डायलिसिसची पट्टी. मूळचे कुडाळच्या पुढच्या एका वाडीतले. आधी गिरणीत, गिरणी बंद झाल्यावर साकीनाक्यालाच एका पॅकिंग युनिटात. राहायला घाटकोपरला, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.

सुषमा म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडचा सगळ्यात भारी राऊटर दाखवा. गणपतीला गावी न्यायचाय."

"गावी फोनवर बोलायला कुठे उभे राहता?"

ती काही म्हणायच्या आत आबा बोलले. "बावीर. पूर्वी माणसां बावीर पाण्याक जायत, आता पोरां रेंजीक जातत."

"म्हणजे विहिरीवर," सुषमा म्हणाली. "घर खालच्या अंगाला आहे, मधे डोंगर. घरात फक्त पडवीच्या शेवटच्या खिडकीत येतं, तेही फोन गजाला टेकवून ठेवला तर. हातात घेतला की गेलं."

मी मनात राऊटर ठरवला. भारी नकोच होता. साधा फोर जीचा, मोठ्या बॅटरीचा, अँटेना लावता येणारा. मी तो काढून काउंटरवर ठेवला. आबांनी तो उचलून उलटा केला, कानाजवळ नेला, परत ठेवला.

"ह्यातसून गाऱ्हाणा जातला?"

मला कळलं नाही. आमच्या घरी गणपती बसत नाही, आणि आम्ही कोकणातलेही नाही. मग त्या दोघांनी मला समजावून सांगितलं. गणपतीची पूजा झाली की घरातला वडीलधारा माणूस देवासमोर उभा राहून सगळ्या घराच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. ते गाऱ्हाणं. तो एकेक ओळ बोलतो आणि प्रत्येक ओळीला मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. वडील गेल्यापासून परबांच्या घरचं गाऱ्हाणं आबा घालत आले होते. आता दिवसाआड डायलिसिस. डॉक्टरांनी गावी जायचं नाव काढू दिलं नव्हतं.

"थय दुसरं कोणी नाही का घालणार?" मी विचारलं. 'तिथे'साठी त्यांच्यातला 'थय' उचलला म्हणून आबा खूश झाले, पण उत्तर देताना चेहरा उतरला.

"सदा आसा. माझो धाकटो भाव. घर तोच बघता, बाग तोच बघता. पण तो तोंड उघडूचो नाय. सदा बैलाशीसुद्धा खुणेन बोलता."

आबा बाहेर पत्रा कापणाऱ्यांचं काम बघायला गेले तेव्हा सुषमा हळू आवाजात म्हणाली, "गाऱ्हाणं घातलं नाही असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. आबांनी त्याचाच धसका घेतलाय. डायलिसिसच्या खुर्चीत बसून सारखं तेच, आमच्या घराचं तोंड बंद झालं म्हणून. व्हिडिओवरून त्यांचा आवाज पोचला पाहिजे, मॅडम. बाकी मला काही नको."

चाचणी घ्यायची ठरली. गाळ्याच्या मागच्या बाजूला लोखंडी पोटमाळा आहे, त्याच्याखाली रेंज मरते. तिथे गावासारखीच स्थिती. राऊटर आणि सुषमाला तिथे बसवलं, आबांना दुसरा फोन देऊन पुढे काउंटरपाशी. आबांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा."

फोनमधून काहीच आलं नाही. आबा क्षणभर थांबले आणि पुढची ओळ सुरू केली, "आज तुझ्या पायाशी सगळी लेकरां," तेवढ्यात मागच्या ओळीचं "व्हय म्हाराजा" येऊन त्यांच्या शब्दावर आदळलं. आबा अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. इतक्यात डावीकडच्या खोकेवाल्यांच्या पत्र्यापलीकडून, अगदी वेळेवर, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा." पलीकडे खोके चिकटवणारा पांडू, तोही तिकडचाच. त्याला राहवलं नव्हतं.

"ह्यो माणूस भाड्यान गावतलो काय गो?" आबा म्हणाले. गावतलो म्हणजे मिळेल. सगळे हसलो. पण हसून झाल्यावर ते स्टुलावर बसले ते बसलेच.

मी त्यांना समजावलं. आवाज आणि चित्र यांचे तुकडे करून पाठवतात, पलीकडे पुन्हा जोडतात. रेंज बारीक असली की जोडायला उशीर होतो. चित्र बंद केलं तर उशीर बराच कमी होईल.

"मगे मी गाऱ्हाणा कोणाक घालू? भिंतीक?"

"मग आबा, एक ओळ झाली की थोडं थांबायचं. व्हय आलं की पुढची."

"ती काय औषधाची गोळी आसा, थांबून थांबून घेवची?"

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. आमच्याकडे विहारात वंदना होते तेव्हा एकजण सांगतो आणि सगळे मागून म्हणतात. एकदा स्पीकर बिघडून पुढचा आवाज मागच्या रांगांना उशिरा पोचायला लागला, तर सगळी वंदना विस्कटली. लहान मुलं हसायला लागली, म्हाताऱ्या गप्प झाल्या. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं, यात मधे फट पडली की म्हणणारा एकटा पडतो. आबा स्टुलावर तसे एकटे पडलेले दिसत होते.

तरी दुसरा उपाय नव्हता. मी दोन कंपन्यांची सिम दिली, खिडकीच्या गजाला अडकवायची अँटेना दिली. राऊटर कसा ठेवायचा ते सुषमाकडून करून घेतलं आणि वर पट्टी चिकटवली, "खिडकीतून हलवू नये". सुषमा सणाच्या आधी गावी गेली. आबा रोज सकाळी घरात थांबून थांबून बोलायचा सराव करत होते असं त्यांच्या बायकोने, काकींनी, मला सांगितलं. "मिठाचा डबा मागतानासुद्धा मध्येच थांबतात," त्या म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी गावाहून चाचणी झाली. चित्र स्वच्छ होतं. रिकामं मखर दिसलं, सारवलेली जमीन दिसली, आणि मखरासमोर काहीतरी बांधत असलेल्या एका माणसाची पाठ दिसली. "तो सदा," आबा म्हणाले. पाठ वळली नाही.

चतुर्थीला माझा गाळा बंद होता. मी आबांकडे गेले. इकडची बाजू सांभाळायला कोणीतरी हवं होतं. आबा पलंगावर ताठ बसले होते, धुतलेला शर्ट, टोपी. समोर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन. काकींनी मोदक झाकून ठेवले होते, गाऱ्हाणं झाल्याशिवाय कोणाला मिळणार नव्हते.

ठरलेल्या वेळी फोन लावला. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. पुन्हा लावला, पुन्हा गोल. आबांची नजर माझ्यावर होती. मी इकडचं सगळं तपासलं, इकडे काहीच बिघडलेलं नव्हतं. तेवढ्यात माझा साधा फोन वाजला. सुषमा विहिरीवरून बोलत होती.

"मॅडम, वाट लागली. राऊटरचा दिवा लाल झालाय."

"राऊटर कुठे आहे?"

"जागेवर."

"खिडकीत?"

ती चाचरली. मग म्हणाली, "देवाच्या जागेवर."

"म्हणजे कुठे, सुषमा?"

"सदाकाकांनी माटवीला बांधलाय. मी आंघोळीला गेले होते, तेवढ्यात."

माटवी म्हणजे काय ते मला काकींनी सांगितलं. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात. नारळ, सुपारीचा घड, तवशी, कवंडळं, आंब्याचे टाळे. त्या सगळ्याच्या मधोमध माझा राऊटर सुतळीने बांधलेला होता. हळदकुंकू लावून. अँटेनाची वायर पुरली नाही म्हणून ती काढून गुंडाळून ठेवलेली.

सदाकाकांचा हिशेब सरळ होता. ज्यातून आबांचा आवाज येणार ती वस्तू पडवीच्या खिडकीत, चपलांच्या वर, कशी ठेवायची? ती देवाजवळच पाहिजे. या धंद्यात मी राऊटर फ्रिजवर ठेवलेले बघितलेत, पिठाच्या डब्यात ठेवलेले बघितलेत. इतक्या मानाने चुकीच्या जागी ठेवलेला पहिल्यांदाच. खिडकी सुटली, त्यामुळे कान गेला. आणि पाण्याने भरलेली एवढी फळं चहूबाजूंनी, ती वायफाय पिऊन टाकतात, त्यामुळे तोंडही गेलं.

"खाली काढ आणि खिडकीत ठेव," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही काढता येत. माटवीला एकदा बांधलं की विसर्जनापर्यंत काढत नाहीत. सदाकाका हातच लावू देत नाहीयेत."

मी फोनवर हात ठेवून आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते ऐकत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. इतके हसले की काकींनी पाठ चोळली.

"सदान माका माटवीत टांगल्यान," ते म्हणाले.

मग डोळे पुसून त्यांनी फोन मागितला. "सुषमा, सदाक सांग, मी सांगलंय, काढ."

सुषमा पळत घरात गेली आणि परत विहिरीवर आली. धापा टाकत म्हणाली, "मान हलवतायत. म्हणतायत, देवाचं देवाला विचारल्याशिवाय कसं काढायचं?"

"मगे इचार म्हणावं."

"ते म्हणतायत, विचारायचं तुम्ही. मोठे तुम्ही."

"मी हयसून कसो इचारू? माझो आवाज थय टांगलेलो."

ते अगदी खरं होतं; खिडकीच्या गजाला टेकवलेल्या साध्या फोनचा आवाज मखरापर्यंत पोचला नसता. देवाला विचारायला नेट पाहिजे, नेट यायला राऊटर खाली पाहिजे, राऊटर खाली यायला देवाला विचारायला पाहिजे. या गाठीतून माझी बी.एस्सी. काही बाहेर काढू शकली नसती. आबा भिंतीकडे बघत राहिले. हात मांडीवर, बोटं उघडत-मिटत. जो धसका त्यांनी इतके दिवस घेतला होता तो आता दारात येऊन उभा होता. देव बसलेला, घर जमलेलं, आणि बोलणारं कोणी नाही.

"सांग त्येका," आबा शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुझ्या हातान बांधलंस, तर तुझ्या तोंडान इचार. दुसरो कोण नाय."

सुषमा गेली. फोन चालूच होता, विहिरीच्या काठावर तसाच ठेवलेला. आम्हाला फक्त कुठल्यातरी पक्ष्याचा आवाज येत होता. काकी उगाच मोदकांवरचं झाकण सारखं करत होत्या. आबा म्हणाले, "तो नाय घालूचो. लहानपणी मास्तर मारी तरी ह्यो गप." पक्षी ओरडत राहिला.

मग पावलं वाजली. सुषमाला बोलता येत नव्हतं इतका दम लागला होता. "घातलं. सदाकाकांनी गाऱ्हाणं घातलं."

"काय म्हणालो?" आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"म्हणाले, बा देवा म्हाराजा, माझ्या भावाचो आवाज मी तुझ्या माथ्यार टांगलंय. चूक झाली आसात तर पोटात घाल. आता तो खिडकेत नेवन ठेवतंय, थयसून तुका बरो ऐकाक येतलो. आम्ही सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. आबा, केवढा आवाज आहे हो त्यांचा. अगदी तुमच्यासारखा."

"माझ्यासारको कित्या," आबा म्हणाले. "बापाशीसारको असतलो."

अँटेना जोडून राऊटर खिडकीत गेला. पडद्यावरचं गोल थांबलं आणि चित्र आलं. गणपती, समया, वरती माटवी आणि तिच्यात मधोमध राऊटरएवढी मोकळी जागा. पुढे सगळं घर उभं. सुषमाने फोन पाटावर ठेवला तशी सगळी माणसं फोनकडे वळली. एक उंच, काळासावळा माणूस हात जोडून दोन पावलं मागे सरकला. आबांना पुढची जागा दिली.

आबांनी घसा साफ केला. हात जोडले. मी मनात म्हटलं, थांबून थांबून, आबा. विसरू नका. आबा पडद्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "सदा, मी बघतंय. तू घाल."

तिकडे काहीच हाललं नाही. शब्द पोचायचे होते. मग पोचले, आणि सगळी डोकी एकदम सदाकाकांकडे वळली. सदाकाकांनी मान हलवली.

"अर्धा घातलंस मां," आबा म्हणाले. "आता पुरा कर."

पुन्हा तो मधला वेळ. मग सदाकाका दोन पावलं पुढे आले. त्यांनी आबांसारखीच टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिकडच्या सगळ्यांनी म्हटलं. इकडे ते आम्हाला ऐकू आलं आणि मग आबांनी, पलंगावर बसून, डोळे मिटून म्हटलं, "व्हय म्हाराजा." पडद्यावर सदाकाकांनी पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आबांचा आवाज तिकडे पोचला असावा, कारण पुढच्या रांगेतली मुलं चमकून फोनकडे बघायला लागली. सदाकाकांनी तोंड मिटलं. पुढच्या ओळीपासून ते आपणहून थांबायला लागले.

"आज जी काय सेवा केली आसा, ती गोड मानून घे म्हाराजा." सगळ्यांचं व्हय. मग शांतता. मग घाटकोपरचं एक व्हय, सगळ्यांच्या मागून, एकटं. मग पुढची ओळ. "वाकड्या वाटेक गेल्याक सरळ वाटेक हाड म्हाराजा." व्हय. शांतता. आबांचं व्हय. "मुंबैक माझो भाव आसा, त्येका सांभाळ म्हाराजा." याला तिकडून मोठं व्हय आलं. इकडून यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तो उशीर राऊटरचा नव्हता. सदाकाका थांबून राहिले.

मी व्हय म्हटलं नाही. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुझा तुझ्याकडे आसा गो, तू आमच्या नादाक लागा नको." मी हिरव्या दिव्याकडे लक्ष ठेवून होते. तेही कोणीतरी बघावं लागतं.

राऊटर परत आला तेव्हा त्याच्या खाचेत कुंकू होतं. सुषमाने पुसायचा प्रयत्न केला होता, पूर्ण निघालं नव्हतं.

आबा आहेत. डायलिसिस चालू आहे. यंदा गणपतीच्या आधी सुषमा आली तेव्हा मी तिच्यासाठी नवा फाईव्ह जीचा डबा काढून ठेवला होता. वाडीच्या वरच्या अंगाला नवा टॉवर झालाय, ती म्हणालीच होती. मी तिला समजावलं, यात उशीर जवळजवळ नाहीच, आबांचं व्हय सगळ्यांच्या बरोबरीने पोचेल. तिने ते गावी फोन करून सदाकाकांना सांगितलं, स्पीकर चालू ठेवून. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं लाईन गेली.

"जुनोच धाड," सदाकाका म्हणाले. "मधी जरा थांबाक गावता."